अडीचकीची मालकी

माझ्या काळ्या कोटाला आतून तीन खिसे आहेत. दोन मी सांगितलेले, तिसरा कवडूभाऊ शेंड्यांनी मला न विचारता लावलेला. नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तिथून शिवून गेलेल्या प्रत्येक कपड्याला एक खिसा जास्तीचा असायचा. शाळेच्या पोरांच्या पँटींना असायचा, पोलीस पाटलाच्या बंडीला असायचा, एका नवरदेवाच्या सफारीला तर म्हणे दोन निघाले. तो कुठे आहे हे ते सांगत नसत. "सापडन तवा सापडन," म्हणायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावायचे. मला माझा सापडला तो भर कोर्टात, रुमाल शोधताना, कोट शिवून आणल्यावर चार महिन्यांनी.

उंच, वाळका, बांबूसारखा सरळ माणूस. गळ्यातली टेप जेवतानासुद्धा उतरायची नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. आमचे सिनियर वकीलसाहेब त्यांच्या लेखी 'कंबर बेचाळीस', विरुद्ध बाजूचे वकील 'बाही साडेबावीस'. मी मात्र 'वकीलबाई'. माझंही माप त्यांच्या वहीत होतं, पण बाईमाणसाचं माप ते सभ्यपणे वहीतच ठेवत.

वर्षाचे आठ महिने ते शिंपी असत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारभर करमणुकीचे खेळ चालतात. त्या दिवसांत कवडूभाऊ मशीनवर कापड झाकत, पत्र्याची पेटी आणि एक बांबूचं टोपलं सायकलला बांधत आणि 'जादूगार के. शेंडे' होऊन निघत. होळीपर्यंत मग नागभीडातल्या लोकांची उसवलेली शिवण तशीच उसवलेली राहायची.

पत्त्यांचे, रुमालांचे, दोरीचे खेळ त्यांचे इतरांसारखेच होते. एकच खेळ असा होता की त्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत. पऱ्ह्यांचा खेळ. पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची धानाची कोवळी रोपं. लोकांनी आपापल्या घरून मूठमूठ धान आणायचं. कवडूभाऊ टोपल्यात ओली माती घालत, लोकांकडूनच त्यावर धान टाकून घेत, वरून लुगड्याचा तुकडा झाकत. मग ते मोठ्याने अडीचकी म्हणायला लागत. अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच. पंचवीस झाले की कापड उचलायचं. खाली वीतभर उंच, हिरवेगार पऱ्हे. शेतात धान कापणीला आलेलं, आणि इथे टोपल्यात आषाढ. आयुष्यभर धान पिकवणारी माणसं पुढे येऊन त्या पात्यांना बोट लावून बघत.

मंत्राच्या जागी अडीचकी का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हारा काढला आणि त्या जागी पोराची पुस्तकं ठेवली. "त्याच बापाचा पोरगा मी. मंग लोकायपुढं जंतरमंतर कसं करू?" खेळाआधी ते नेहमी सांगत की ही हाताची सफाई आहे, दैवी काही नाही, ज्याला हात दिसेल त्याने ओरडून सांगावं. पंधरा वर्षांत कोणी ओरडलं नव्हतं.

आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात ते आले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मला सनद मिळून जेमतेम एक. दोन वकिलांनी त्यांना हसून परत पाठवलं होतं. त्यांची तक्रार अशी होती की त्यांचा सख्खा साळा देवाजी, वैनगंगेच्या पलीकडचा, आता 'प्रोफेसर देवाजी' म्हणून मंडयांमध्ये फिरतो आणि पऱ्ह्यांचा खेळ करतो. तोच खेळ, तेच टोपलं, तीच अडीचकी. वर लोकांना सांगतो की हा खेळ त्यानेच शोधला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं 'नाही' म्हणायच्या आधीचं लक्षण. त्यांनी समजावून सांगितलं की पेटंट घ्यायचं तर खेळ कसा होतो ते सगळं लिहून द्यावं लागतं, आणि लिहिलेलं उद्या कोणीही वाचू शकतो. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही. शब्द, हावभाव, मांडणी कागदावर उतरवलेली असेल, तर तेवढ्याच गोष्टीला मिळतो.

"म्हनजे चोरापासून वाचवाचं असन तर पयले घराची चावी चौकात टांगाची," कवडूभाऊ म्हणाले.

साहेब म्हणाले, निदान आम्हाला तरी खेळ सांगा. वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये.

"डॉक्टर पोटात काय दुखते ते इचारते, साहेब. पोट कसं बनवलं ते नाई इचारत."

साहेबांनी केस माझ्याकडे सरकवली. मला वाटतं, थट्टा म्हणूनच.

मी कायद्याचं पुस्तक घेऊन बसले. त्यात मुक्या अभिनयाच्या कलाकृतीचाही उल्लेख सापडला, फक्त ती लिहून ठेवलेली पाहिजे. मी कवडूभाऊंना म्हटलं, लोकांना जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढं लिहून द्या, आतलं काही नको. आठ दिवसांनी त्यांनी शाळेची वही आणून दिली. अक्षर कातरल्यासारखं सुबक. कुठे उभं राहायचं, कुठे थांबायचं, कापड कोणत्या हाताने झाकायचं. शेवटी पूर्ण अडीचकी. ती वाचताना मी अडखळले. अडीच सत्ते साडेअठरा.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "साडेसतरा पाहिजे."

ते नुसते हसले. खेळातही ते तसंच म्हणतात, एवढंच बोलले. दर वेळी सगळी मंडई ओरडते, साडेसतरा! पोरं उड्या मारतात, म्हातारे काठ्या आपटतात. कवडूभाऊ कान पकडतात आणि पुढे जातात. मला तेव्हा ती एक गंमत वाटली. तो सगळ्या खेळाचा जीव आहे, हे कळायला उशीर लागला.

दावा लिहिताना मी नियमाप्रमाणे विचारलं, खेळाचं गुपित कोणाला सांगितलंय का? मला 'नाही' असं उत्तर हवं होतं. ते म्हणाले, एकाला सांगितलंय, भामरागडला.

एका वर्षी तिथल्या आश्रमशाळेत पंधरा ऑगस्टला त्यांचा खेळ होता. खेळ झाला, आणि त्याच दिवशी नदी चढली. रस्ता बंद. भामरागडात पावसाळ्यात असं होतंच. कवडूभाऊ नऊ दिवस शाळेत अडकले आणि बसल्या बसल्या साऱ्या शाळेच्या गणवेशांना खिसे लावून मोकळे झाले. तिथे एक म्हातारा माडिया आदिवासी रोज यायचा आणि त्यांच्या समोर गप्प बसून राहायचा. चौथ्या दिवशी शाळेच्या गुरुजींनी त्याचं म्हणणं मराठीत सांगितलं. पुराने त्याचे पऱ्हे रेतीखाली गेले होते. रोवणीला काही उरलं नव्हतं. त्याला आपल्या बांधीपुरते, म्हणजे बांध घातलेल्या त्या धानाच्या तुकड्यापुरते पऱ्हे हवे होते, जादूचे चालतील.

"मले लय लाज वाटली," कवडूभाऊ सांगत होते. "हौसेनं पाहणाऱ्याले फसवलं तर तो घरी जाऊन हासते. पन ज्याले गरज हाय त्याच्यापुढं हे करावं नाई."

त्यांनी त्या म्हाताऱ्याला वर्गात नेलं, दार लावलं आणि टोपलं उघडून सगळं दाखवलं. कुठे काय असतं, हात केव्हा जातो, सगळं. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. मग हसायला लागला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हसून झाल्यावर बाहेर येऊन गुरुजींमार्फत त्याने एकच विचारलं: पण हे पऱ्हे तर खरे आहेत ना? खरेच होते. मग द्या म्हणाला. ते एक टोपलंभर पऱ्हे घेऊन तो गेला आणि कवडूभाऊंनी स्वतः जाऊन त्याच्यासोबत ते बांधीच्या कोपऱ्यात रोवले.

साहेबांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गुपित बाहेर गेलं म्हणजे गुपिताच्या मुद्द्यावर दावा लंगडा झाला.

"तो नाई सांगत कोनाले," कवडूभाऊ शांतपणे म्हणाले. "सांगाले गेला का त्याले हासू येते."

दावा दाखल झाला. कॅन्टीनमध्ये जुने वकील मला 'जादूगारीण' म्हणायला लागले. मग देवाजीचं लेखी उत्तर आलं आणि माझं हसू मावळलं. त्यात लिहिलं होतं की हा खेळ वादीने बनवलेलाच नाही. तो वादीच्या बायकोने, म्हणजे देवाजीच्या बहिणीने बनवला, आणि तिनेच आपल्या भावाला शिकवला.

मी छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीने नागभीडला गेले. ती गाडी इतकी निवांत चालायची की वाटेत उत्तराचे चार मसुदे मनात तयार झाले. एकही कामाला आला नाही.

दुकानात कवडूभाऊ मशीनवर होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई खाली चटईवर बसून काजं-बटणं करत होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडात नेहमी सुई-दोरा, त्यामुळे बोलणं कमीच. मी त्यांना सरळ विचारलं, भावाने लिहिलंय ते खरं आहे का?

त्यांनी तोंडातली सुई काढून पदराला टोचली.

"मी शाळेत नाई गेली, बाई. बटनं लावता लावता ह्यायच्याकडून अडीचकी शिकली. सत्ते आलं का माझं साडेअठराच निघे. एक डाव ह्यायनं शेजारच्या बायायले खेळ करून दाखोला. अडीचकी मी म्हनत होती. मी चुकली, साऱ्या बाया हासल्या आन माह्याकडं वळल्या. तवा मी पाह्यलं, टोपल्याकडं कोनीच पाहत नाई. त्याच्या पयले खेळ दर डाव फसे. मीच ह्यायले म्हनलं, तुमी बी चुकत जा. टोपलं बी मीच असं विनाले लावलं, का..."

"पुरे," कवडूभाऊ म्हणाले. टोपल्यातलं मी ऐकायचं नव्हतं.

मशीन थांबलं होतं. मी विचारलं, मग भावाला का शिकवलंत?

"त्याचं सायकलचं दुकान बसलं होतं. त्यानं इचारलं, मी सांगतलं. माझं होतं, मी देल्लं. मले काय मालूम, याच्यात वकील लागते म्हनून."

कवडूभाऊंचा पाय मशीनच्या पायट्यावर होता, पण हलत नव्हता. मला वाटलं, आता संसारात भांडण लावून आपण परतीची गाडी पकडणार. ते रागावले असते तर समजण्यासारखं होतं. ज्या खेळावर त्यांचं नाव चालत होतं, त्याचा जीव त्यांचा नव्हता. आणि मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते विसरले होते.

"इतके दिवस साऱ्यायले सांगून सांगून," ते अखेर म्हणाले, "मले बी आपलंच वाटून राह्यलं होतं, यशोदे."

मग त्यांनी माझ्या हातातला दावा मागितला, बोट ठेवून ओळ शोधली आणि विचारलं, "वकीलबाई, हे 'एकमेव कर्ता' लिवलं हाय, ते उसवता येते काय?"

मी सांगितलं, उसवता येईल. पण खेळ बाईंचा असेल आणि बाईंनी तो आपखुशीने भावाला दिला असेल, तर देवाजी चोर ठरत नाही. दावा पडतो.

"पडू द्या. खोट्या मापाचा सदरा घालून मी कोर्टात उभा नाई राहत."

तेव्हा यशोदाबाई पहिल्यांदा चिडल्या. पडू द्या म्हणजे काय? देवाजीला खेळ दिला होता, पण तो मंडईत सांगतो काय, की मी शोधला. "देल्लं, ते खरं हाय. पन माझं नाव काऊन घेत नाई तो? आन तुमी तरी कुठी घेत होते?"

शेवटचं वाक्य नवऱ्याला उद्देशून होतं. त्यावर कवडूभाऊंनी टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवली. ती उतरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

सुदैवाने कायद्यात तीही सोय होती. कर्त्याने आपली कलाकृती दुसऱ्याला दिली, तरी ती आपली आहे हे सांगण्याचा हक्क त्याच्याजवळच राहतो. मी दावा दुरुस्त केला. वादी क्रमांक एक, यशोदाबाई कवडू शेंडे.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. मंडईला येणारी निम्मी माणसं त्या दिवशी तिथेच आली असावीत. 'बाही साडेबावीस' यांनी आता पवित्रा बदलला; उठून म्हणाले की बाईंनी टोपलं शिकवलं असेल, पण चुकलेला पाढा ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. तसं असेल तर अर्धा जिल्हा मालक आहे. लोक हसले. न्यायाधीश पश्चिम महाराष्ट्रातले, गंभीर गृहस्थ. त्यांनी यशोदाबाईंना अडीचकी म्हणायला सांगितलं.

बाईंनी शपथ घेतलेली होती. पदर सावरून त्या स्पष्ट आवाजात म्हणत गेल्या. अडीच सक पंधरा. अडीच सत्ते साडेसतरा.

मी वही उघडून 'साडेअठरा'वर बोट ठेवलं. विरुद्ध वकील तर उडीच मारायच्या बेतात. बाईंना तर बरोबर येतं, मग चूक यांची कशी?

"आता येते मले," यशोदाबाई म्हणाल्या. "कोर्टात शपथ घेऊन चुकीचं कसं म्हनू?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर विचार करून त्यांनी देवाजीला उभं राहायला सांगितलं. शिक्षण किती? सातवी पास. तुम्ही म्हणा. देवाजी धडधाकट गडी, आवाज खणखणीत, मंडईत कमावलेला. तो सवयीने दोन पावलं पुढे आला, हात पसरले आणि सुरू झाला. अडीच पंचे साडेबारा, अडीच सक पंधरा, अडीच सत्ते साडेअठरा.

"साडेसतरा!" सगळं कोर्ट ओरडलं. पट्टेवालासुद्धा.

देवाजीने कान पकडले. मग आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या लक्षात आलं आणि तो तसाच, कान पकडलेला, उभा राहिला. सातवी पास माणसाला ही चूक कुठून आली, असं न्यायाधीशांनी विचारलं. देवाजीने बहिणीकडे बोट केलं. सगळे लोक त्याच्याकडे बघत होते. कवडूभाऊ तेवढे खाली मान घालून बसले होते आणि टेप बोटाला गुंडाळत, सोडत होते.

निकालाची वेळ आलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली देवाजी येऊन बहिणीजवळ बसला. यशोदाबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. एवढंच. बाकी वकिलांनी लिहून काढलं. वैनगंगेच्या पलीकडे देवाजीने खेळ करावा, अलीकडे शेंड्यांनी. दोघांनीही खेळाआधी यशोदाबाईंचं नाव मोठ्याने सांगावं. एक अट कवडूभाऊंनी हट्टाने घालायला लावली: भामरागडात हा खेळ कोणीच करायचा नाही. न्यायाधीशांनी कारण विचारलं. कवडूभाऊ म्हणाले, "तिथी एक जन पोट धरून हासन, साहेब." न्यायाधीशांनी काय समजायचं ते समजून सही केली.

त्यानंतर कवडूभाऊ कामापुरते भेटत राहिले. दिल्लीहून कॉपीराइटच्या नोंदणीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो यशोदाबाईंच्या नावासकट दुकानात, दर्शनी भागात लावला. कोणी विचारलं तर पूर्ण वाचून दाखवत, इंग्रजी शिक्क्यासह.

शेवटचं पाहिलं ते चिमूरकडच्या एका गावात. मी एका अशिलाच्या शेताची मोजणी बघायला गेले होते आणि गावात मंडई होती. दुपार होती, धुळीत माणूस मावत नव्हता. स्टेजवर यशोदाबाई होत्या. हिरवं लुगडं, समोर टोपलं, आवाज स्पष्ट. मी कवडूभाऊंना शोधलं. ते गर्दीच्या पुढच्या कडेला, बायका-पोरांच्या शेजारी उकिडवे बसले होते, स्टेजकडे पाठ करून. ते लोकांचे चेहरे बघत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना कोपर मारून म्हटलं, "काय गा, तमाशा तिकडं हाय, इकडं काय पाहून राह्यला?"

"थांबा ना," कवडूभाऊ म्हणाले. "माझे डोळे टोपल्यावरच राहत. मी हे कधी पाह्यलंच नाई."

मग माझ्याकडे नजर गेली. हात हलवून त्यांनी मला पुढे सरकायची खूण केली, तिथून नीट दिसत नाही अशा अर्थाची. मी कडेने पुढे गेले आणि त्यांच्यासारखीच लोकांकडे तोंड करून उभी राहिले. स्टेजवर यशोदाबाईंनी कापड उचललं असावं, कारण समोरची सगळी तोंडं एकदम उघडली. कवडूभाऊंनी ती तोंडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहून घेतली. त्यानंतरच ते उठले, वळले आणि मंडईला आलेल्या कोणत्याही पाहुण्यासारख्या जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.